पांढरीनं पांढऱ्या पेशी वाढतेत

परवाच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी सगळ्या केंद्राच्या शिक्षकांदेखत मला विचारलं, "घरी आता कसं आहे सर? रजा लागत असेल तर संकोच करू नका." शेजारच्या मॅडमनी लगेच पपईच्या पानांचा रस सुचवला. घरी सगळे ठणठणीत आहेत असं मी परोपरीनं सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही. ठेवणार तरी कसा? माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं त्यांच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला फोटो तोवर तालुकाभर फिरून आला होता. फोटोत मी परतवाड्याच्या एका वाईन शॉपसमोर उभा आहे. तोंडावरचा दुपट्टा अर्धा सुटलेला, काखेत खोका. खाली मजकूर: "आपल्या सर्वांचे लाडके सर यांच्या घरी गंभीर बिमारी. रक्त लागल्यास सर्वांनी तयार राहावे."

आता हे सगळं कशामुळे झालं, तर गुलमर्गला बर्फ पडला नाही म्हणून.

माझ्या साळीचा जावई पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याला स्कीइंगचा नाद. दर हिवाळ्यात काश्मीरला जातो, पायाला पट्ट्या बांधतो आणि डोंगरावरून घसरत खाली येतो. यंदा सासू-सासरे, बायको, आजेसासू आणि आम्ही दोघं, असा सगळा गोतावळा न्यायचं त्यानं ठरवलं. जाकिटं आली, गॉगल आले, गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे मोजे आले. बर्फ तेवढा आला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार असेच उघडे पडले होते, ते फोटो साऱ्या देशानं पाहिले. २०२५ च्या फेब्रुवारीत तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाच बर्फाअभावी पुढे ढकलल्या. सरकारला जिथे घसरता आलं नाही तिथे माझी सासू काय घसरणार? तिकिटं रद्द झाली. जाकिटं मात्र दुकानदार परत घेईना. तेव्हा जावई म्हणाला, "आपण चिखलदऱ्याला जाऊ."

चिखलदरा १,११८ मीटर उंचीवर आहे आणि विदर्भाच्या वाट्याला आलेलं थंड हवेचं ठिकाण हेच. रात्री गारवा असतो, नाही असं नाही. पण फेब्रुवारीच्या दुपारी तिथे बर्फातलं जाकीट घालणं म्हणजे स्वतःला वाफवून घेणं. देवी पॉइंटवर जावई जाकीट, गॉगल अशा पूर्ण सामानानिशी उभा राहिला, तेव्हा कणसं भाजणाऱ्या बाईनं माझ्या बायकोला हळूच विचारलं, "भाऊ वेल्डिंगचं काम करतेत काय?"

स्कीच्या गावी म्हणे दिवसभर घसरून झालं की संध्याकाळी शेकोटीपाशी बसून वाईन पितात. अर्धी सहल तर हुकलीच, उरलेली अर्धी आपण इथे करू, असं जावयाचं म्हणणं. आणि पिऊन मोकळं व्हायचं नाही, तुलना करायची, गुण द्यायचे. "काका, फक्त व्हाइट. आणि परवडणाऱ्याच. हजाराच्या आतल्या. महागडी वाईन चांगली असणारच, त्यात काय? स्वस्तातली चांगली शोधून काढायची, ती खरी मजा." (मला 'मावसाजी' म्हण असं त्याच्या सासूनं त्याला बजावलंय. तो 'काका'च म्हणतो.)

हजाराच्या आतली म्हणजे परवडणारी. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, तोही ओलावा मोजून घेतल्यावर. म्हणजे परवडणारी एक बाटली म्हणजे तेरा किलो कापूस. मी मनातल्या मनात चार बाटल्यांचा कापूस वेचून घेतला. बोललो नाही. जावयासमोर हिशेब करत नाहीत. चिठ्ठी घेतली, तीवर 'सोव्हिन्यो ब्लाँ, शेनिन ब्लाँ, रिसलिंग' असं लिहिलेलं होतं, आणि 'तुम्ही इथले आहात' ह्या एकाच पात्रतेवर घाट उतरून परतवाड्याला निघालो.

इथलाच आहे, हीच तर पंचाईत. परतवाड्याच्या बाजारात दगड भिरकावला तर तो एक तर माझ्या विद्यार्थ्याला लागेल, नाही तर पालकाला. म्हणून डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळला. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सगळेच गुंडाळतात; फेब्रुवारीत एक तर प्रेमवीर गुंडाळतात किंवा ज्यांचं देणं थकलंय ते. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू द्यायचं सरकारनं ठरवलं होतं. विरोध झाला आणि ते बारगळलं. तो निर्णय टिकला असता तर मी तूरडाळ आणि साबणाच्या आड बाटल्या ठेवून उजळ माथ्यानं बाहेर पडलो असतो.

दुकानाला जाळी होती आणि जाळीला एक खिडकी. रांग म्हणावी असं काही नव्हतं. खिडकीत गेलेले हात होते आणि हातांच्या मागे माणसं होती. एकानं माझ्या खांद्यावरून हात आत घातला, तेव्हा सवयीनं तोंडातून निघून गेलं, "एका ओळीत उभे राहा! एक हात अंतर!"

गर्दीनं खरोखर ओळ केली. आणि ओळीतल्या पहिल्या माणसानं गर्रकन वळून आरोळी ठोकली, "सरजी!"

हा चौथीत माझ्या हाताखाली होता. पाढे बाराच्या पुढे कधी गेले नाहीत, शुद्धलेखनाचं तर नावच नको. आता परतवाडा-चिखलदरा काळी-पिवळी चालवतो. तो ओळ सोडून आला, वाकला आणि भर रस्त्यात, दारूच्या दुकानासमोर, त्यानं माझे दोन्ही पाय धरले. शिक्षक दिनाला कधी कोणी एवढे घट्ट धरले नव्हते. त्याचं पाहून मागचे दोघेही वाकले. ते माझे विद्यार्थी नव्हते. त्यांची दुपारपासूनच चालू असावी.

"सरजी, तुमी काऊन आले? मले फोन कराचा, घरपोच आनून देल्ली असती."

"अरे हळू बोल. पाहुणे आहेत घरी. जावई."

"जावई!" तो खिडकीकडे वळला. "ओ भाऊ, सरच्या जावयासाठी पाह्यजे. बारीकसारीक नोका देऊ. मायासमोर सील पाहून द्या. सरनं मले चौथीत शिकवलं."

ही माझी जाहिरात आहे की बदनामी, ह्याचा विचार करत मी पुटपुटलो, "व्हाइट वाईन."

"काय?"

"व्हाइट वाईन."

"वाईन?" त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समोरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल अशा हळू आवाजात विचारलं, "घरी कोन बिमार हाय, सरजी?"

"कोणी नाही रे बाबा."

"बाळंतीन?"

"नाही म्हटलं ना!"

"लपवू नोका सरजी. आमी काय परके हाओ?"

झालं. ओळ मोडली आणि माझ्याभोवती गोल झाला. एक म्हातारबाबा म्हणाले, त्यांच्या सुनेला डॉक्टरनं सांगितली होती, रोज रात्री दोन चमचे, कोमट पाण्यातून. रगत वाढते. दुसरा म्हणाला, रगत वाढवाले लाल पाह्यजे, पांढरीनं काय वाढन? ह्यावर थोडा वेळ शांतता पसरली. प्रश्न रास्त होता. मग ओळीच्या शेवटून एक शर्ट खोचलेला, शिकलेला दिसणारा तरुण निर्वाणीच्या सुरात म्हणाला, "लालनं लाल पेशी वाढतेत, पांढरीनं पांढऱ्या पेशी वाढतेत. सरच्या घरी डेंगू असन."

सगळ्यांना पटलं. मी शिक्षक आहे. चुकीचं विज्ञान ऐकून गप्प बसणं मला शारीरिक त्रास देतं. पण खरं सांगायचं तर 'जावई पुण्याचा आहे, तो वास घेऊन गुण देणार आहे' हे सांगावं लागलं असतं. डेंग्यू परवडला.

काउंटरवरच्या माणसाला इतका वेळ कसलंच आश्चर्य वाटलं नव्हतं. चिठ्ठी वाचून तो स्टुलावर चढला, वरच्या फळीवरून चार बाटल्या काढल्या आणि फडक्यानं पुसल्या. दोन शेनिन, एक सोव्हिन्यो, एक रिसलिंग. रिसलिंग दुकानात कशी आली हे त्यालाही ठाऊक नव्हतं. बाटल्या खिडकीच्या उन्हात किती उन्हाळे उभ्या होत्या कोण जाणे. लेबलाचा हिरवा रंग एका बाजूनं पार उडालेला. "कोनी नेतच नाही," तो म्हणाला. "बदलून भेटनार नाही."

आणि इथे मी परवाना मागितला.

दारू विकत घ्यायला आणि प्यायला आपल्या राज्यात परवाना लागतो. दारूबंदीचा कायदा १९४९ चा आहे आणि तो अजून आहे. विदेशी दारूचा एकदिवसीय परवाना पाच रुपयांना दुकानातच मिळतो. वाईनला एकवीस वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला पंचवीस. हे मला माहीत आहे कारण स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी सामान्यज्ञान शिकवतो. पण ते शब्द उच्चारताच दुकानात जे झालं ते मी धाडीच्या बातम्यांतच वाचलं होतं. काउंटरवरचा माणूस उभा राहिला. म्हातारबाबा चप्पल विसरून निघाले. शर्ट खोचलेला तरुण आधीच दिसेनासा झाला होता. माझा विद्यार्थी भेदरून म्हणाला, "सरजी, तुमी एक्साइजमधी गेले काय?"

शेवटी कुठून तरी एक पिवळं पडलेलं परवान्यांचं पुस्तक निघालं. त्यावर माझं नाव लिहायला त्या माणसाला चार मिनिटं लागली आणि मागे पुन्हा जमलेली ओळ एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती. मग विद्यार्थी म्हणाला, "एक फोटो होऊ द्या सरजी." तोच तो फोटो.

"आखीन काई लागते काय?"

"बर्फ," मी म्हणालो. व्हाइट वाईन आठ-दहा अंशांवर प्यायची असते म्हणे. आणि आमच्या लॉजच्या एकुलत्या फ्रीजमध्ये मालकाचा खवा, रबडी आणि मोथ्याच्या स्ट्रॉबेरीचे खोके ठासून भरले होते.

तर अशा रीतीनं स्कीच्या सहलीचा बर्फ परतवाड्याच्या फॅक्टरीतून आला. आरामशीनचा भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून, काळी-पिवळीच्या टपावर, घाटानं. पैसे घ्यायला तो तयार होईना. "गुरुदक्षिणा," म्हणाला. लॉजच्या व्हरांड्यात त्यानं जॅकच्या दांड्यानं लादी फोडली. सगळे बघायला जमले. माझ्या सासूनं एक खडा उचलून तळहातावर ठेवला, थोडा वेळ पाहिला आणि खाली टाकला. तिचं काश्मीर तेवढ्यात आटोपलं.

संध्याकाळी शेकोटी पेटली. जावयानं बाटल्या लपवल्या, म्हणजे नाव बघून कोणी गुण देऊ नये. कशात लपवल्या? त्या लोकरीच्या मोज्यांत. चार मोजे, चार बाटल्या, प्रत्येक मोज्याला नंबर टाचणीनं टोचलेला. काचेचे पेले नव्हते, लॉजचे स्टीलचे ग्लास होते. जावई म्हणाला, ग्लास दांडीला धरायचा, हाताची ऊब लागता कामा नये. दांडी नव्हती. मग रंग बघायचा. स्टीलमध्ये सगळंच स्टीलच्या रंगाचं दिसतं. मग गोल फिरवून वास घ्यायचा. मग पोलिओच्या डोसाएवढी तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकायची.

"थुकाची?" साडूभाऊ म्हणाले. ते दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार खर्रे खातात. थुंकण्यात त्यांचा हात, म्हणजे तोंड, जिल्ह्यात कोणी धरणार नाही. व्हरांड्यातून पलीकडची कुंडी ते सहज गाठतात. पण हे त्यांना पटलं नाही. "पैशे देऊन आनलेलं थुकाचं? आन फुकट खर्रा भेटते तो गिळाचा काय मंग?" त्यांनी आपलं गिळलं. इतरांचं उरलंसुरलंही गिळलं. जावयासमोर सासरा बोलला ते एवढंच. पुढे ते कामात होते.

माझी सासू दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यातली. तिनं चव घेतली नाही, पण बाटल्या तपासल्या. झाकण पेचाचं आहे, आत हात जात नाही पण नळकांडं जाईल, जवसाचं तेल ठेवायला बरी. हे तिचे गुण. जावयानं तिला समजावलं की सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि मालकानं कंपनीला आईच्या नावावरून नाव दिलं, सुलभावरून सुला. "पोट्टा चांगला हाय," सासू म्हणाली. "मायचं नाव ठेवलं." आणि तिथून पुढे वाईनबद्दल तिचं मत चांगलं झालं.

मी मात्र गांभीर्यानं बसलो होतो. वही घेतली होती, रकाने आखले होते. पहिला मोजा. वास घेतला, डोळे मिटले.

"काय जाणवतंय काका?"

"द्राक्षं."

जावई हसला. वाईट हसला नाही, शिक्षक मठ्ठ मुलाकडे बघून हसतो तसं हसला. ते हसू मला आतून ओळखीचं आहे. "द्राक्षांचीच आहे काका. द्राक्षं सोडून काय?"

हे मला अजून कळलेलं नाही. भाकरीला ज्वारीचा वास येतो म्हटलं तर तुम्ही मला नापास कराल का? तर म्हणे त्यात गूसबेरी आहे, पॅशनफ्रूट आहे, कापलेलं गवत आहे. इंग्रजीत मांजराच्या मुताचाही उल्लेख करतात, आणि तो तक्रार म्हणून नव्हे. मी पुन्हा हुंगलं. मांजरही आलं नाही.

विद्यार्थी पायरीवर बसला होता. घाट उतरायचा होता म्हणून आणि 'सरसमोर पेत नाही' म्हणून त्यानं ग्लास नाकारला होता, पण तो फिरत फिरत त्याच्या नाकापर्यंत पोचलाच. त्यानं लांबूनच वास घेतला.

"कापसाच्या पऱ्हाटीत निंदन केल्यावर येते ना जी वास, तो हाय. आन मिरचीच्या रोपाचा. हिरव्या मिरचीचा नाई, रोपाचा."

जावई उडालाच. "पायराझिन!" तो ओरडला. ढोबळी मिरचीत जे रसायन असतं तेच सोव्हिन्यो ब्लाँमध्ये असतं, आणि ह्या माणसानं ते एका फटक्यात पकडलं. पुण्यात ह्यासाठी लोक पैसे भरून कोर्स करतात. विद्यार्थ्यानं लाजून माझ्याकडे पाहिलं. मी वहीत बघत होतो.

दुसरा मोजा. माझ्या हातात ग्लास यायच्या आत तो म्हणाला, "ह्याच्यात पेट्रोल मिसळलं हाय जी." मी म्हटलं, काहीतरी बोलू नको. जावयानं मला हातानं गप्प केलं. मला. जुन्या रिसलिंगला पेट्रोलचा वास येतो, उन्हातान्हात राहिली तर लवकर येतो, आणि जाणकार त्याचं कौतुक करतात. परतवाड्याच्या खिडकीतल्या उन्हानं एरवी वर्षानुवर्षं लागणारं काम उरकून टाकलं होतं. आणि आयुष्य डिझेलच्या गाडीत घालवलेल्या माझ्या विद्यार्थ्यानं पेट्रोल वेगळं काढलं. जावई उठून त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसला.

तिसऱ्या मोज्याला मला खरंच काहीतरी आलं. ओळखीचं, पण नाव सापडेना. मग एकदम सापडलं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मेळघाटातल्या कुठल्याही गावाबाहेर उभं राहा. टोपल्यांत मोहाची फुलं असतात, रात्री पडलेली, जरा आंबत आलेली. अगदी तो वास. बाटली उन्हात हवा खाऊन उतरली असणार आणि त्याचा तो वास असणार. मी तसं सांगितलं.

"मोह?" जावई म्हणाला. मोबाइलमध्ये त्यानं बघितलं. "नाही काका, मोह असं काही टेस्टिंग नोटमध्ये नसतं."

"पण येतोय."

"काका, रागावू नका. पण ठेचा खाऊन खाऊन तुमची जीभ बधिर झाली आहे."

मी विद्यार्थ्याकडे पाहिलं. हा मोहाच्या झाडाखाली वाढलेला. ह्याच्या घरी फुलं वाळत घातलेली मी गृहभेटीला गेलो तेव्हा स्वतः पाहिली आहेत. एवढा एक शब्द त्यानं बोलावा.

"नाई सरजी," तो म्हणाला. "मोह वेगळा. हे सुटेबल नाई."

सुटेबल! ह्याला 'सुंदर' लिहिता येत नव्हतं.

आता मला सांगा, गूसबेरी आमच्यापैकी कोणी पाहिली आहे? पॅशनफ्रूट जावयानं तरी झाडावर पाहिलंय का? पण ते यादीत आहे म्हणून यायला पाहिजे. मोह आमच्या उशाशी पडतो, तो यादीत नाही म्हणून माझी जीभ मेलेली. ही यादी कोणी केली? वासाचंच म्हणाल तर वरूड-मोर्शीपासून अचलपूर-चांदूरबाजारापर्यंत कोणत्याही संत्रा बागायतदाराला झाडाखाली उभं करा. फळ हिवाळ्यात फुललेल्या आंबिया बहाराचं की पावसाळ्यात फुललेल्या मृगाचं हे तो साल सोलायच्या आधी सांगेल. पण त्याला कोणी ग्लास फिरवून विचारत नाही. व्यापारी येतो, कारमधून उतरतो, बगीचा नजरेनं मोजतो आणि उक्ता मागतो. चव घेऊन भाव ठरलेला मी तरी बघितला नाही. बांगलादेशनं आयातशुल्क वाढवत नेलं तर इथे काळजाचं पाणी होतं, झाडाखाली सडा पडतो आणि त्याचा वास मैलभर येतो. त्या वासाचं टेस्टिंग नोट कुठे मिळेल? नाशिकच्या द्राक्षांसाठी राज्यानं २००१ सालीच धोरण काढलं. नाशिकवर माझा राग नाही. इंग्रजांवर थोडा आहे. १८०३ साली त्यांनी शेजारचा गाविलगड घेतला, पुढे चिखलदऱ्याला कॉफी लावली आणि द्राक्षं लावायचं विसरून गेले.

हे सगळं मी त्या रात्री बोललो. निम्मं तरी बोललो. बायको म्हणाली, "तुम्हाला चढली." पोलिओच्या दोन डोसांत!

चौथ्या मोज्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. सासूला थंडी वाजायला लागली होती. तिनं कोणाला न विचारता बाटल्यांवरचे मोजे ओढून काढले, दोन पायांत घातले, दोन हातांत, आणि शेकोटीकडे तोंड करून बसली. नंबर मोज्यांवर होते. कोणत्या बाटलीला किती गुण पडले हे आता ती कोणता हात पुढे करते ह्यावर होतं. जावई वही घेऊन तिच्याभोवती फिरला. आजेसासूच्या पायातला मोजा काढून बघायची हिंमत कुठल्याच जावयाला होत नाही. साडूभाऊंनी चारही बाटल्या उलट्या करून खात्री केली आणि झोपायला गेले.

जाताना जावयानं माझ्या विद्यार्थ्याचा नंबर घेतला. माझ्याकडे तो चिठ्ठी परत मागायला आला, तिच्या मागे कशाचा तरी पासवर्ड होता. एकदिवसीय परवान्याचे पाच रुपये ना त्यानं विचारले ना मी मागितले.

आता असं ऐकतो की काळी-पिवळीत पुण्या-मुंबईचे पाहुणे बसले की हा घाटभर त्यांना पायराझिन समजावून सांगतो आणि पॉइंटचे दर वाढवतो. काल त्याचा निरोप आला. गाडीच्या मागच्या काचेवर रंगवून घ्यायला त्याला 'सोव्हिन्यो ब्लाँ'चं इंग्रजी स्पेलिंग पाहिजे होतं. पेंटर समोर बसलाय, लवकर पाठवा सरजी, म्हणाला. मी लगेच पाठवलं. एक अक्षर मुद्दाम गाळलं.